सव्वा तासाचा उशीर: दिवाळीतल्या एका बुकिंगचा प्रकरण अभ्यास

लोक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन त्यांची कुत्री-मांजरं सांभाळायची, हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, बावधन हा माझा भाग. या कामाबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी २०२३ च्या दिवाळीतलं हे एकच प्रकरण सविस्तर सांगते. त्यात माझी चूक आहे आणि माझ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्टही आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी उघड्या पडल्या.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, पाडवा १४ ला आणि भाऊबीज १५ ला होती. घरी जाऊन प्राणी बघणाऱ्यांसाठी मे महिना आणि दिवाळी हे दोनच खरे हंगाम. दिवाळीत सात घरं माझ्याकडे होती: तीन कुत्र्यांची, चार मांजरांची. कुत्र्याच्या घरी दिवसातून तीन व्हिजिट, कारण आठ तासांच्या पुढे त्याला शू धरून ठेवायला लावणं म्हणजे छळ. मांजराला एक पुरते. चारपैकी एका मांजराला मात्र मधुमेह होता. त्याला सकाळी आठ आणि रात्री आठ असं दोनदा इन्सुलिन टोचायचं होतं. अशा चौदा व्हिजिट रोजच्या झाल्या होत्या. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाणेरहून एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. ऐनवेळी जावं लागतंय, मांजर एकटं आहे, तुम्हीच या. बाणेर माझ्या भागात येत नाही. तरी मी हो म्हटलं. पंधरा झाल्या.

दर व्हिजिटचे ३५० रुपये घेत होते. पंधरा व्हिजिट, सहा दिवस, म्हणजे ३१,५०० रुपये. हा आकडा मी वहीत लिहिला होता, त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. वेळेचा हिशेब मात्र त्या पानावर कुठेच नव्हता.

चिकूचं घर

चिकू त्या तीन कुत्र्यांपैकी एक, चार वर्षांचा बीगल, वजन १२ किलो. बीगल म्हणजे नाक आणि पोट, मधे दुसरं काही नाही असं त्याचे बाबाच सांगायचे. पहिल्या भेटीला मी गेले तेव्हा त्याने माझी पिशवी उघडून आतला बिस्किटाचा पुडा माझ्या आधी शोधून काढला होता. ही पहिली भेट मी बुकिंग पक्कं करण्याआधी घेतेच. अर्धा-पाऊण तास घरात बसते, कुत्रा माझ्याकडे स्वतःहून येतो का बघते, आणि दोन पानांचा फॉर्म मालकांसमोर भरून घेते. वजन, लसी, गोचीड झाली होती का, फटाक्यांना घाबरून कधी पळाला होता का, घाबरला की कुठे लपतो, जेवण कोणत्या वाटीने मोजायचं, किल्ली आणखी कोणाकडे आहे. डॉक्टरांच्या रकान्याखाली मी एक जादा रकाना ठेवला आहे: सणाच्या दिवशी रात्री कुठलं रुग्णालय उघडं असतं. शेवटी सही: मालकांशी संपर्क झाला नाही तर अमुक रकमेपर्यंत उपचार करायला परवानगी. चिकूच्या घरी ती रक्कम १५,००० होती. चिकूच्या आईला सही करताना जरा अवघडल्यासारखं झालं होतं. "असं काही होणार नाही हो," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "न होण्यासाठीच लिहून ठेवायचं."

किल्लीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, समोरच्या काकूंकडे एक. मी वाचलं आणि पुढे गेले. काकूंना भेटायला हवं होतं, ते माझ्या मनातही आलं नाही.

पाडव्याची संध्याकाळ

आखणी अशी होती: साडेतीनला बाणेरचं मांजर, पाचला चिकू, पावणेसहाला दुसरा कुत्रा, साडेसहाला तिसरं घर म्हणजे अकरा वर्षांची लॅब्रॅडोर, आणि आठला कर्वेनगरला इन्सुलिन. दिवाळीत अंधार पडायच्या आत कुत्र्यांना खाली नेऊन आणावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, पण सोसायटीतली पोरं दिवेलागणीपासूनच सुरू होतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला लांबची वाटणारी माळ त्याच्यासाठी लांब नसते. एकदा घाबरलं की कुत्रं खाली उतरत नाही, उतरलं तर शू करत नाही, आणि पट्टा सोडवून पळायची भीती वेगळीच.

बाणेरला मांजर दिसेना. माझा एक नियम मी कधी मोडलेला नाही: मांजर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. जेवण संपलेलं, लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) वापरलेला, यावर समाधान मानून निघणारे असतात. मी नाही. गॅलरीची जाळी तपासली, पलंग उचलून बघितला, कपाटं उघडली. चाळीस मिनिटांनी वॉशिंग मशीनच्या मागे दोन डोळे चमकले. खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला होता, त्याला घाबरून ती तिथे गेली होती. या चाळीस मिनिटांबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप याचा आहे की अशी चाळीस मिनिटं दिवाळीत लागणारच, हे माहीत असून मी त्यांना जागा ठेवली नव्हती. पाषाण, बावधन करत चांदणी चौकात आले तर पाडव्याला नवे कपडे घालून सगळं पुणं बाहेर पडलेलं. ऑगस्टमध्येच खुला झालेला नवा पूलही त्या संध्याकाळी पुरला नाही.

चिकूच्या दाराशी पोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते.

दार उघडल्यावर चिकू रोज अंगावर येतो. त्या दिवशी तो सोफ्याखाली होता, शेपूट हलत होती, कान मागे. टीपॉयजवळ सुकामेव्याचा भेटीचा डबा पालथा पडला होता, झाकणाच्या सोनेरी कागदाच्या चिंध्या झालेल्या. चार कप्पे. बदाम जमिनीवर विखुरलेले, पिस्त्यांना हात न लावलेला, काजू संपलेले. चौथा कप्पा चाटूनपुसून इतका स्वच्छ होता की त्यात काय होतं ते कळायला मला डबा उलटा करून लेबल वाचावं लागलं. काजू, बदाम, पिस्ते, बेदाणे. एकूण ४०० ग्रॅम. म्हणजे बेदाणे शंभर ग्रॅमच्या आसपास.

आपल्याकडे बेदाणा म्हणजे तासगावचा, सांगलीचा, कौतुकाचा. रव्याच्या लाडवात तो नसला तर लाडू ओका दिसतो. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मात्र द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही घातक आहेत. पशुवैद्यकांच्या हे २००१ च्या सुमारास लक्षात आलं, आणि द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्यामागे असावं असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडलं. सुरक्षित प्रमाण असं काही सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याचं मूत्रपिंड दोन-तीन दिवसांत बंद पडतं. चिंचेतही हेच आम्ल असतं. म्हणून माझ्या सूचनांमध्ये "आमटी-भात देऊ नका" हेही असतं. काही मालकांना ते फार कडक वाटतं, पण मी ते काढत नाही.

डबा आणि लेबल पिशवीत टाकलं. दोन व्यवहारी गोष्टी इथे सांगते, कारण घाबरलेल्या क्षणी त्याच विसरतात. उलटी काढायला मिठाचं पाणी किंवा बोटं घालायची नाहीत, ते डॉक्टरांवर सोडायचं. आणि "बघू या, काही झालं तर नेऊ" म्हणत थांबायचं नाही. उलटीचा खरा उपयोग खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत. लक्षणं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं.

चिकूचे नेहमीचे डॉक्टर पाडव्याला बंद होते, ते फॉर्मवरच लिहिलेलं होतं. खालच्या रकान्यात कर्वे रस्त्यावरचं रुग्णालय होतं. फोन केला, वजन सांगितलं, बेदाणे सांगितले. "लगेच आणा," एवढंच तिकडून आलं. १२ किलोच्या थरथरणाऱ्या कुत्र्याला स्कूटरवर नेता येत नाही. समोरचं दार वाजवलं. काकू काठापदराच्या साडीत, पाहुण्यांमध्ये होत्या.

"काकू, तो डबा चिकूच्या घरात तुम्ही ठेवला का?"

"हो, कुरिअरवाला आला होता साडेचारला. म्हटलं त्यांचंच आहे, आत ठेवून देऊ. का गं?"

सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, मनुका तर मी नातवाला रोज भिजवून देते. मला काय ठाऊक..." आणि पुढचं वाक्य न बोलता त्या चपला घालून माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. पूर्ण रस्ताभर त्यांनी चिकूला त्या भारी साडीच्या पदरात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. बाहेर फटाके फुटत होते आणि दर आवाजाला त्या त्याच्या कानांवर हात ठेवत होत्या.

रिक्षात मी मालकांना मेसेज लिहिला. ते दुपारी मुंबईहून सिंगापूरच्या विमानात बसले होते, फोन लागत नव्हता. मेसेज जसाच्या तसा देते: "चिकूने संध्याकाळी सुकामेव्याच्या डब्यातले बेदाणे खाल्ले आहेत, अंदाजे १०० ग्रॅम. बेदाणे कुत्र्यांना घातक असतात. फॉर्मवरच्या रुग्णालयात नेत आहे, काकू बरोबर आहेत. सध्या तो शुद्धीवर आहे, चालतो आहे. मला पाचला यायचं होतं, मी सव्वासहाला पोचले. उतरल्यावर लगेच फोन करा." उशिराचं वाक्य लिहावं की नंतर समोरासमोर सांगावं, असं एक क्षण वाटलं होतं. नंतर सांगितलं असतं तर ते लपवल्यासारखंच झालं असतं.

सहा पन्नासला आत गेलो. उलटीचं इंजेक्शन दिलं, आणि पाच-सात मिनिटांत फुगलेले, अर्धवट चावलेले बेदाणे ट्रेमध्ये पडले, बरेचसे अख्खेच. मग पोटात उरलेलं शोषायला सक्रिय कोळसा, आणि सलाईन. ४८ तास दाखल ठेवायचं, तीन दिवस रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करतंय का ते कळतं. काउंटरवर नेहमीचा प्रश्न आला: मालक कुठे आहेत, परवानगी कोण देणार? सही केलेल्या फॉर्मचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो दाखवला. सलाईन लागायला पाच मिनिटंही गेली नाहीत. तो कागद नसता तर विमान उतरेपर्यंत, म्हणजे रात्री साडेदहापर्यंत, मी काउंटरवर वाद घालत बसले असते.

राहिलेली तीन घरं

हा भाग सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते प्रकरणाचं खरं काळीज इथेच आहे.

सात वाजता मी रुग्णालयात, आणि दोन कुत्री दुपारपासून बंद घरात. आठला इन्सुलिन. माझ्या जागी जाईल असा एकही माणूस नव्हता. मैत्रिणी होत्या, मदतीला धावल्याही असत्या, पण कुठल्याही कुत्र्याने त्यांना आधी पाहिलेलं नव्हतं. फटाक्यांच्या रात्री अनोळखी माणूस कुलूप उघडून आत आला की शांत कुत्रंही चावतं किंवा दारातून निसटतं.

दुसऱ्या कुत्र्याच्या मालकांना फोन करून खरं ते सांगितलं. त्यांचे मेहुणे जवळच राहत होते, कुत्र्याच्या ओळखीचे, ते गेले. लॅब्रॅडोरकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आठ पस्तीसला दार उघडलं तर ती म्हातारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती आणि फरशीवर शू. अकरा वर्षांत तिने घरात कधी केली नव्हती, असं तिच्या मालकिणीने मला पहिल्या भेटीत अभिमानाने सांगितलं होतं. मी फरशी पुसत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. चिकू वाचला का, हे सगळे विचारतात. माझ्या डोळ्यासमोर त्या रात्रीचं चित्र मात्र तिचं आहे.

मांजराच्या इन्सुलिनबद्दल मी रुग्णालयातूनच त्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. आधी खायला घाला, खाल्लं तरच टोचा, दीड तास उशीर चालेल, राहिला म्हणून दुप्पट कधीच नाही. साडेनऊला त्याने खाल्लं आणि मी टोचलं. चिकूचे बाबा रात्री पावणेअकराला बोलले. पहिला प्रश्न, "तो कसा आहे?" दुसरा, "तुम्ही जेवलात का?" त्या दुसऱ्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही.

हिशेब

क्रिएटिनिन पहिल्या दिवशी ०.९, दुसऱ्या दिवशी १.१, मग पुन्हा १.०. तिन्ही ठीक. चिकू भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरी आला.

घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मालकांनी नंतर बघितलं आणि मलाही पाठवलं. चार बत्तीसला काकू डबा टीपॉयवर ठेवून जातात. चिकू जवळजवळ तासभर त्याच्याभोवती फिरतो, बसतो, दाराकडे बघतो, परत वास घेतो. पाच पंचवीसला पाय टेकवून डबा खाली ओढतो. मी पाचला पोचले असते तर डबा उचलून कपाटात ठेवला असता. काकूंना दोष देणं सोपं होतं, आणि कुणी दिलाही असता. पण काकूंना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. ते माझं काम होतं.

बिल ११,२०० रुपये झालं. मी पूर्ण देते म्हटलं. ते अर्ध्यावर अडून बसले, कारण किल्ली काकूंकडे ठेवायचा निर्णय त्यांचा होता. ५,६०० मी भरले, आणि चिकू दाखल होता त्या दोन दिवसांचे २,१०० परत केले. ३१,५०० चे २३,८०० उरले.

दिवाळी संपल्यावर मी तीच वही काढली आणि या वेळी पैशाऐवजी तास मांडले. घरातली चाळीस मिनिटं, गेटवर नोंद, लिफ्ट, पार्किंग, रस्ता: एका घराला एक तास, दिवाळीत सव्वा. मग कळलं की दिवसाचे एकूण तास मोजणंच चुकीचं होतं. दुपारी माझ्याकडे तास रिकामे होते, ते कोणाच्या उपयोगाचे नव्हते. कुत्र्यांना मी हवी असते ती सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत. त्या दोन-अडीच तासांत एका माणसाच्याने कुत्र्यांची दोनच घरं होतात. तिसरं घेतलं की कोणाला तरी थांबावं लागतं, आणि थांबणारा फोन करून तक्रार करू शकत नाही. आमच्या धंद्यात "किती घरं आहेत?" असं एकमेकांना विचारतात. "संध्याकाळी किती?" असं विचारायला हवं.

२०२४ च्या दिवाळीत मी पाच घरं घेतली, सगळी चार किलोमीटरच्या आत. दोन कुत्री, तीन मांजरं, रोजच्या दहा व्हिजिट, दर ४५०. दरवाढ सांगताना आवाज कापत होता, पण एकच ग्राहक गेला. बरोबर एक मैत्रीण घेतली. दिवाळीच्या महिनाभर आधीपासून ती प्रत्येक पहिल्या भेटीला माझ्याबरोबर आली, फॉर्मची प्रत तिच्याकडे राहिली, इन्सुलिन टोचायला ती डॉक्टरांकडे बसून शिकली. रोजच्या चार व्हिजिट तिच्या, प्रत्येकी २७५ रुपये. २७,००० तले ६,६०० तिला दिले, माझे २०,४०० राहिले. आदल्या वर्षीपेक्षा ३,४०० कमी. ही घट मी लपवत नाही. कमी घरं घेतली की जास्त कमाई होते असं सांगणारे भेटतील, माझं निदान त्या हंगामात तसं झालं नाही. त्या सहा दिवसांत एकदाही उशीर झाला नाही, हे मला त्या ३,४०० मध्ये मिळालं, आणि तो सौदा मी दरवर्षी करायला तयार आहे.

फॉर्ममध्ये एक ओळ वाढली: दुसरी किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना पहिल्या भेटीच्या वेळी बोलवायचं. न खायच्या पदार्थांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, त्यांच्या हातात द्यायची: बेदाणे, मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, चिंच. किल्ल्यांवर नाव-पत्ता न लिहिता नुसता क्रमांक, हे आधीपासून होतंच.

चिकूच्या घरचे २०२४ च्या दिवाळीत परत गावाला निघाले आणि मलाच बोलावलं. पाडव्याला पावणेपाच वाजता, मी जिन्यात असताना, काकूंचा फोन आला.

"अगं, त्यांचं कुरिअर आलंय. माझ्याच कपाटात ठेवलंय, वरच्या फळीवर. आणि आज माझ्याकडेही चिवड्यात बेदाणे घातले नाहीत, चिकू येतो ना अधूनमधून."

मी वर पोचले तर त्या दारातच उभ्या होत्या, आणि आतून चिकू दारावर नखं घासत होता.